पाय केव्हा दुखतो?

मे महिन्याच्या रात्री दीड-दोन वाजता नागपुरातल्या कुठल्याही वस्तीत फक्त कूलरची घरघर असते. अशा वेळी एखाद्या घराच्या मोरीत दिवा लागलेला दिसतो. आत साठीतले काकाजी एका हातानं नळाला धरून उभे असतात आणि दुसऱ्या हातानं तळपायांवर मगानं पाणी ओतत असतात. विचारलं तर एवढंच सांगतात, "पाय जळून राहिले." घरचे म्हणतात, उष्णता झाली. मग सब्जा भिजतो, काशाच्या वाटीनं तळव्याला तूप चोळलं जातं, दोन दिवस बरं वाटतं. पुढे पाऊस येतो, डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, अख्खं घर रजईत गुरफटून झोपतं, आणि काकाजींचे पाय तेव्हाही रजईबाहेरच असतात. ऋतू बदलूनही जी आग बदलत नाही, तिचा संबंध हवेशी नसतो.

पाय दुखणं ही आपल्याकडे तक्रार धरलीच जात नाही. वय झालं, वजन वाढलं, दिवसभर उभं राहावं लागतं, आणि सगळ्यांचं उत्तर म्हणून एक बाम आणि एक गोळी. खरं तर एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात, आणि हृदयापासून सगळ्यात लांब राहणारा अवयवही तोच. कमरेतून निघून अंगठ्याच्या टोकापर्यंत जाणारा चेतातंतू जवळजवळ मीटरभर लांबीचा असतो. त्यामुळे रक्तात साखर वाढो, युरिक अ‍ॅसिड वाढो, रक्तवाहिनी अरुंद होवो की सांध्याचं अस्तर सुजो, पहिली झळ बऱ्याचदा पावलाला लागते. म्हणून पाय दुखतो म्हणणाऱ्याला 'किती दुखतो' याच्या आधी 'केव्हा दुखतो' हे विचारावं. आजाराची निम्मी ओळख त्या उत्तरात असते.

पहाटेपासूनच सुरुवात करू. झोपेतून उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेच्या आतल्या कडेला खिळा टोचल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावलांत ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा येते. हे तळव्याच्या चिवट पडद्याचं दुखणं. रात्रभर तो आखडलेला असतो आणि सकाळी एकदम ताणला जातो. एक्स-रे काढला की टाचेचं हाड वाढल्याचं दिसतं आणि माणूस घाबरतो. पण असं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही सापडतं, त्यामुळे सगळा दोष त्या हाडावर टाकू नये. उपाय पलंगावरच करायचा. पाय टेकवायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटं हातानं नडगीकडे ओढावीत आणि तळव्याचा तो पडदा दोरीसारखा ताठ झाला की दहा सेकंद धरावीत. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान दोन-तीन महिने. घरातल्या फरशीवर अनवाणी फिरणं मात्र बंद. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवण्याचा लोकप्रिय उपाय करू नये. बधिर कातडीला गारठ्याचा चटका कळतच नाही.

सकाळचंच दुखणं, पण टाचेऐवजी बोटांच्या मुळाशी असेल, दोन्ही पायांना असेल आणि आखडलेपण अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त टिकत असेल, तर ती गोष्ट वेगळी. अशी बाई सांगते की चपलेत खडे गेल्यासारखं वाटतं, आणि चप्पल झटकली तर आत काहीच नसतं. तिच्या पावलाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी हातात धरून, हस्तांदोलन केल्यासारखा, हलकेच दाबा. ती कळवळली तर आमवाताचा विचार करायलाच हवा. या आजारात हाताच्या बोटांइतकीच पायाची बोटंही लवकर धरली जातात, पण हात सगळ्यांना दिसतात आणि पाय चपलेत राहतात. रक्तात आरएफ आणि अँटी-सीसीपी या दोन तपासण्या होतात. उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाला तर सांध्याची झीज बरीच रोखता येते. उशीर झाला की बोटं वर चढतात, अंगठा शेजारच्या बोटांकडे वळतो आणि कुठलंच पायताण बसेनासं होतं. यात दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीवावर बेततं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि औषध दुकानातून आणल्यावर पाकिटावरही तो वार ठळक लिहा.

पंचविशीतल्या मुलाची टाच मागच्या बाजूनं दुखते, सोबत कंबरही दुखते, आणि आराम केला की वाढून हिंडल्यावर कमी होते, तर त्याला टाचेच्या दुखण्यावर सोडून देऊ नका. तो मणक्याचा दाहक संधिवात असू शकतो. सोरायसिस असलेल्याचं एखादंच बोट सबंध फुगून लाल होत असेल तर तेही सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आता चालण्याचं. अंबाझरीच्या बागेत किंवा फुटाळ्याच्या काठानं सकाळी फिरणाऱ्यांत एखादा गृहस्थ ठरावीक अंतरावर थांबतो. मोबाइल काढतो, तलावाकडे बघतो, दोन-चार मिनिटांनी पुन्हा निघतो, आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबतो. त्याच्या पोटरीत गोळा येत असतो. चालताना स्नायूला रक्त जास्त लागतं आणि अरुंद झालेली रक्तवाहिनी ते पुरवू शकत नाही. नुसतं उभं राहिलं तरी मागणी कमी होते आणि गोळा सुटतो. उभं राहून भागत नसेल, बसावं किंवा पुढे वाकावं लागत असेल, सायकल मात्र बिनत्रास चालवता येत असेल, तर अडचण बहुधा मणक्यात आहे. या एका फरकावरून पुढची तपासणी कुठल्या दिशेनं जायची ते ठरतं.

आपल्या बोलण्यातला एक घोळ इथे नडतो. रक्तवाहिनीलाही आपण नस म्हणतो आणि चेतातंतूलाही नसच म्हणतो. नस दबली, नस सुकली, नस ब्लॉक झाली, सगळं एकाच शब्दात. मग रक्त कमी पडणाऱ्या पायाला कुणीतरी 'नसांच्या ताकदीची' बी-12 ची इंजेक्शनं टोचून घेतं आणि त्यात सहा महिने जातात. डॉक्टरांना सरळ विचारा: रक्ताची नस की संवेदनेची?

रक्ताची नस घरीही थोडीफार तपासता येते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधल्या खाचेत दोन बोटं हलकी ठेवली की ठोका लागतो. दुसरा ठोका आतल्या घोट्याच्या मागे. ते लागत नसतील, पाय गार असेल, नडगीवरचे केस झडून कातडी चकचकीत झाली असेल, तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करणारी तपासणी करून घ्यावी. घोट्यावरच्या दाबाला दंडावरच्या दाबानं भागायचं. उत्तर 0.9 किंवा त्याखाली आलं तर रक्तपुरवठा कमी आहे. 1.4 च्या वर आलं तर खूश होऊ नये. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीची भिंत कडक होते, पट्टा तिला दाबू शकत नाही आणि आकडा खोटा चढतो. तेव्हा अंगठ्यावरचा दाब मोजावा लागतो.

यातला सगळ्यात मोठा शत्रू तंबाखू. नागपुरात तो बिडी-सिगारेटीपुरता थांबत नाही, चौकाचौकात प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जाणारा खर्रा आहेच. खर्ऱ्याचा धूर निघत नाही म्हणून तो फक्त तोंडाचं नुकसान करतो असा समज आहे, पण त्यातलं निकोटीनही रक्तवाहिन्या आकसवतं. तरुणपणीच बिडीपायी बोटं काळी पडण्याचा एक स्वतंत्र आजार आहे, आणि त्यात तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय दुसरा कुठलाही उपचार पुरा पडत नाही. तंबाखू सोडल्यावरचं दुसरं औषध चालणं. ऐकायला उलट वाटतं. गोळा येऊन बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. अशी अर्ध्या ते पाऊण तासाची फेरी आठवड्यातून निदान तीनदा, सलग बारा आठवडे. न थांबता चालता येणारं अंतर वाढत जातं. पण पडल्या पडल्या, रात्री पाय ठणकू लागला आणि पलंगाखाली लोंबकळत सोडल्यावरच बरं वाटू लागलं, तर मात्र ही बारा आठवड्यांची गोष्ट राहिली नाही. त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे जावं. आणि अशा पायावर, कुणी कितीही आग्रह केला तरी, सूज उतरावी म्हणून घट्ट मोजे चढवू नयेत. व्हेरिकोज व्हेन्सना उपयोगी पडणारे तेच मोजे इथे उरलंसुरलं रक्तही तोडतात.

आणखी एक दुखणं रात्रीच गाठतं, पण ते हळूहळू येत नाही. झोपताना पाय ठीक असतो आणि पहाटे तीनला अंगठ्याचं मूळ टोमॅटोसारखं लाल होऊन चादरीचाही स्पर्श सहन होत नाही. हा गाउट, आयुर्वेदातलं वातरक्त. रक्तात युरिक अ‍ॅसिड साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे सुईसारखे स्फटिक बनू लागतात. गारव्यात ते लवकर बनतात आणि शरीराचा सगळ्यात गार सांधा टोकालाच असतो. सावजीच्या ताटातलं खूर, कलेजी, सोबत बियर, आणि त्याच दिवशी उन्हात राबून पाणी कमी पडलेलं, एवढं एकत्र आलं की ठिणगी पडते. उन्हाळ्यात गटागटा प्यायली जाणारी गोड कोल्ड्रिंक्सही युरिक अ‍ॅसिड वाढवतात. बिचाऱ्या डाळीला मात्र उगाच शिक्षा होते. डाळ, पालक, टोमॅटो बंद करून माणूस निम्मा होतो. भाज्या-डाळींमुळे गाउटचा धोका वाढत असल्याचं दिसलेलं नाही.

पण जेवण हा अर्धाच भाग. बीपीच्या गोळीत मिसळलेलं लघवी वाढवणारं औषध आणि हृदयासाठी घेतलेली लहान अ‍ॅस्पिरिन, दोन्हींनी युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडात अडतं. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना हे दाखवा. बीपीचीच लोसार्टानसारखी गोळी युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवते, बदल जमण्यासारखा असतो. झटका आलेला असताना केलेल्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करायची. युरिक अ‍ॅसिड उतरवणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी सुरू झाली की 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून वाढवत नेऊन पातळी 6 च्या खाली आणायची आणि तिथेच ठेवायची. सुरुवातीच्या महिन्यांत झटका आला म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच चुकतं. जुने स्फटिक विरघळताना असे झटके येतात. अंगावर पुरळ उठलं मात्र, तर त्याच क्षणी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

मेडिकलच्या काउंटरवरून घेतलेल्या दुखण्याच्या गोळीबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. बीपीची काही औषधं, त्यातलंच लघवीचं औषध आणि वरून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक, हे तिन्ही एकाच पोटात गेले आणि बाहेर 45 अंशांची लाही असली, तर मूत्रपिंडं चार दिवसांत बसू शकतात. अंगठ्यासाठी घेतलेली गोळी डायलिसिसपर्यंत नेते. ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच वाढलेलं आहे त्यांनी तर अशी गोळी विचारल्याशिवाय हातातही घेऊ नये.

आता मोरीतल्या काकाजींकडे परत येऊ. त्यांच्या पायाची आग मधुमेहाची असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की सर्वांत लांब चेतातंतूंची टोकं आधी कोमेजतात. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून, दोन्ही पायांना सारखी, आणि मग मोजा चढवावा तशी वर. मुंग्या, भणभण, सुया टोचणं, कापसावर चालल्यासारखं वाटणं, आणि रात्री आग. दिवसा कामात मन गुंतलेलं असतं, रात्री पायाशिवाय लक्ष द्यायला काही नसतं. याच तक्रारी बी-12 कमी असल्यानंही होतात, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसात ते कमी असणं अगदी सहज शक्य आहे. ही तपासणी रक्तातली आहे आणि उपचार सोपा आहे, ती चुकवू नये. थायरॉईड कमी असणं, दारू, टीबीच्या औषधातलं आयसोनियाझिड, केमोथेरपी, हेही त्याच यादीतले. टीबीच्या रुग्णाला बी-6 ची गोळी सोबत देतात ती याचसाठी. ती लहानशी असते म्हणून लोक सोडून देतात.

कधीकधी साखर झपाट्यानं उतरल्यावरच पाय जळायला लागतात. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) अकरावरून सातवर आली आणि पाय पेटले, असं सांगत माणूस इन्सुलिनवर राग काढतो. असं होतं खरं, आणि त्रासही भयंकर असतो, पण बहुतेकांत काही महिन्यांत ते शांत होत जातं. आगीसाठी प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळ्या जातीची औषधं असतात. ती हळूहळू वाढवायची असतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या रात्री फरक पडला नाही म्हणून टाकून देऊ नका. डायक्लोफेनॅकचा इथे उपयोगच नाही.

पण खरी काळजीची वेळ आग थांबते तेव्हाची. वर्ष-दोन वर्षांनी काकाजी सांगतात, आता पाय जळत नाहीत, बरं आहे. साखर आटोक्यात राहून आग थांबली असेल तर ठीकच. साखर तशीच असेल तर मात्र चेतातंतू कळ पोचवण्याच्याही पलीकडे गेले आहेत, आणि घरात याचा आनंद होतो, कारण दुखणं गेलं.

हे तपासायला यंत्र लागत नाही. त्यांना पाय लांब करून पडू द्या, डोळे मिटायला सांगा. 'उजवा' म्हणायचं की 'डावा' ते आधी समजावून द्या. मग तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या टोकावर पिसासारखं ठेवा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही, ठोकायचं नाही. मग उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. कळलं नाही तर पुन्हा हात लावून संधी द्यायची नाही, आणि 'कळलं का?' असंही विचारायचं नाही, कारण प्रेमळ माणसं हो म्हणतात. सहापैकी दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही तर तो पाय आता धोक्यात आहे. दवाखान्यात हेच काम नायलॉनच्या तंतूनं करतात. 10 ग्रॅमच्या जोरावर तो वाकतो, आणि तेवढाही दाब तळव्याला कळला नाही तर रक्षक संवेदना गेली असं धरतात.

संवेदना गेली की जखम कशी होते हे विदर्भाला नव्यानं शिकायची गरज नाही. कुष्ठरोग्यांची सेवा करणारं वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याचं आनंदवन या भूमीतच आहेत. कुष्ठरोगात बोटं आजारानं गळून पडतात असं लोक शतकानुशतकं मानत आले. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती न कळलेल्या जखमांनी, भाजण्यानं आणि दाबानं. कळ हीच पायाची राखणदार होती. कुष्ठरोग्यांसाठी वापरली गेलेली मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल आज मधुमेहाच्या पायाला तशीच चालते. दुकानात ती साधी, थोडी जाड दिसते. ती घ्यायला माणसं संकोचतात, ओळखीचं कुणी पाहील म्हणून. हा संकोच एखाद्या बोटाला भारी पडतो.

नागपुरात बधिर पाय भाजायला निमित्तं पुष्कळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबर 60 अंशांच्याही पलीकडे जातं, देवळाच्या आवारातली फरशी त्याच वाटेनं, आणि तेवढ्या उष्णतेला कातडी काही सेकंदांतच होरपळते. टेकडीच्या गणपतीला चतुर्थीला जायचं तर सकाळी सातच्या आत जावं. नवरात्रात कोराडीच्या देवीला अनवाणी चालत जायचा नवस बधिर पायानं फेडू नये, घरातलं दुसरं कुणी चालेल, आई समजून घेते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी नळाला कढत येतं, त्याखाली पाय धरायचा नाही. हिवाळ्यात शेकोटी, गरम पाण्याची पिशवी आणि मिठाच्या पाण्यात शेकणं, या तिघांपासून तर कायमचं लांब राहायचं. शेकून आराम पडत नाही म्हणून पाणी आणखी गरम करत नेलं जातं आणि सकाळी तळव्याची सालटं निघतात. पाय कोमट पाण्यानं धुवावेत, पाणी कोपरानं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्यावं. जमिनीवर झोपणाऱ्याचं बोट रात्री उंदरानं कुरतडलं आणि सकाळी चादरीवरच्या रक्तावरून कळलं, असंही घडतं.

रोजची पाहणी संध्याकाळी, उजेडात, पाच मिनिटं. तळवा दिसत नसेल तर फरशीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा, नाहीतर नातवाला मोबाइलवर फोटो काढायला लावायचा. बोटांच्या बेचक्यांत पावसाळ्यात चिखल्या होतात, तिथे तेल-मलम न लावता कोरड्या फडक्यानं टिपून कोरडं ठेवायचं. टाचेला मात्र मलम हवंच, कारण मधुमेहात घाम कमी होऊन टाच भेगाळते आणि भेगेतून जंतू शिरतात. व्हॅसलीन किंवा 10 टक्के युरिया असलेलं मलम रात्री चोळावं. नखं सरळ कापावीत, कडा आत कोरू नयेत. कुरूप ब्लेडनं तासू नये, आणि दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्या लावू नयेत, त्यातलं आम्ल शेजारची चांगली कातडीही जाळतं. कुरुपाखाली कातडी काळपट-लाल दिसत असेल, तर वर टणक झाकण आणि खाली जखम अशी स्थिती असते. ते झाकण दवाखान्यात काढल्यावरच खालचं कळतं.

आणि एक पाऊल, न दुखता किंवा अगदी थोडं दुखून, एकाएकी सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर थांबा. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर एकाच जागी लावून पाहा. पृष्ठभागाचं तापमान मोजणारा थर्मामीटर घरात असेल तर तोही चालतो. दोन अंशांहून जास्त फरक असेल तर आत हाडं ढिसाळ होऊन कोसळत असू शकतात. याला शार्कोचं पाऊल म्हणतात. मुरगळलं, जंतुसंसर्ग झाला, गाउट आला, अशी तिन्ही नावं त्याला आधी मिळतात, आणि पहिला एक्स-रे नॉर्मलही येतो. माणूस त्यावरच चालत राहतो, कारण दुखत नाही. दोन महिन्यांनी तळव्याची कमान खाली बसते आणि पाऊल नावेसारखं फुगीर होतं. वेळेत प्लास्टर घालून कित्येक महिने भार काढला तर पाऊल वाचतं.

विदर्भात पायाच्या दुखण्याबद्दल लिहायचं आणि सिकलसेल वगळायचा हे बरोबर होणार नाही. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचे हात आणि पावलं दोन्ही अचानक फुगतात, बाळ पाय टेकू देत नाही, अंगाला हात लावला की रडतं. लोकांना वाटतं पडलं असेल, काही चावलं असेल. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींनी बारीक रक्तवाहिन्या अडल्या की हाडांना रक्त मिळत नाही, आणि या आजाराची ओळख बऱ्याचदा याच सुजेनं होते. मोठेपणी घोट्याजवळ न भरणारी जखम होते आणि वर्षानुवर्षं फक्त ड्रेसिंग बदललं जातं. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1 जुलै 2023 ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं. आधी साधी विद्राव्यता चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी. घरात कुणाला सिकलसेल असेल तर घोट्याची जखम मलमांवर काढू नये, आणि आजार आईवडिलांकडून मुलांत येतो म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करावी.

सुजेचं थोडक्यात. दोन्ही घोटे संध्याकाळी सुजतात, बोट दाबल्यावर खळगा राहतो, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड हे सगळे तपासायचे. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळीही घोटे सुजवते, ती पुष्कळ घरांत असते. एकाच पायाची सूज आणि पोटरी दुखणं अचानक आलं तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथे पाय चोळायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना. एक पाय वर्षानुवर्षं जाड होत जातो, मधूनमधून ताप येऊन लाल होतो, तो हत्तीपाय. नागपूर जिल्ह्यात त्याच्या गोळ्या घरोघरी वाटल्या जातात आणि बऱ्याच घरांत खिडकीत ठेवून दिल्या जातात. त्या वाटणाऱ्यांच्या समोरच घ्यायच्या असतात. आजार जडलेल्यांनी पाय रोज साबणानं धुऊन बोटांची बेचकी कोरडी ठेवली तरी तापाचे झटके बरेच कमी होतात.

राहिलं पायताण. ते संध्याकाळी विकत घ्यावं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सीताबर्डीला जाण्याआधी घरी कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा, कागद कापा, आणि तो दुकानात बुटात सरकवून पाहा. कागद दुमडला तर तो बूट आपला नाही. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मागून पट्टा हवा, नाहीतर चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. अंगठा-चप्पल बधिर पायाला नको, तिचा दांडा बोटांच्या बेचकीत जखम करतो. नवी जोडी पहिल्या दिवशी तासभरच घालायची, मग पाय पाहायचा. घालण्याआधी आत हात फिरवायचा, प्रत्येक वेळी. बाभळीचा काटा तळव्यातून आरपार आलेला असतो, किंवा नातवाची गोटी पुढे जाऊन बसलेली असते.

आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा घराजवळच्या दवाखान्यात पाय दाखवायला जाताना नवे बूट घालून जाऊ नका. लोक डॉक्टरांकडे जायचं म्हणून पाय घासूनपुसून, मोजे चढवून, ठेवणीतले बूट घालून जातात. रोजची, झिजलेली चप्पल पिशवीत घालून न्या, सोबत चालू गोळ्यांची पाकिटं. तिचा तळ कुठे खोलगट झालाय, कुठल्या बोटाखाली काळा डाग पडलाय, कुठली कड पार घासून गेलीये, यावरून पावलाचा भार कुठे पडतो ते दिसतं, आणि पुढची जखम होणार असेल तर ती बहुधा त्याच खोलगट जागेवर होते.